दोन मापांमधला पितळी जोड

मित्रांनो, अंगठ्याएवढा एक जुना पितळी जोड तुमच्याशी बोलतो आहे. माझं एक तोंड अर्ध्या इंचाचं आणि दुसरं पाव इंचाचं. आजवर गिळलेली सगळी हवा मी एकदम सोडली, तर वर्कशॉपचं छप्पर उडून पुढच्या चौकात जाऊन बसेल. खोटं वाटतं? जाऊन बघा, चौकात तेवढी जागा मोकळी आहे!

मला घडवलं दादाने. पत्र्याच्या भिंतीआड त्याचा धातू कातायचा लेथ होता, तिथेच हवेचा कॉम्प्रेसर आणि पाइपातली हवा बंद करायचा कॉक. भिंतीतून जाड पाइप पुढच्या शेडमध्ये यायचा. चाकांचे नट उघडायची दादाची मोठी गन त्याला थेट बसायची. पण धाकट्या भावाची रंगाची गन पडली नाजूक, पाव इंची. धाकट्याने गाड्यांच्या रंगकामाचा हट्ट धरला, तेव्हा दादाने पितळेचा तुकडा कातला, आतून-बाहेरून आटे पाडले आणि म्हणाला, "घे. आता माझी हवा तुला पचेल."

दिवसातून दहादा मला बसवायचे, दहादा काढायचे. कॉक भिंतीआड, त्यामुळे रीत ठरलेली. धाकटा ओरडायचा, "दादा, हवा?" पलीकडून यायचं, "बंद रे!" मगच तो पाना फिरवायचा. गिऱ्हाइकं हसायची, "घरी जेवतानाही असंच ओरडता का रे?" त्या दिवसांत माझा फार तोरा होता. धाकटा मला फडक्याने पुसून खिशात ठेवायचा.

मग एका गाडीचं दार वेगळ्याच छटेचं निघालं. दादा चारचौघांत कडाडला, "डोळे आहेत की बटणं?" धाकटा एवढंच म्हणाला, "तूच लिहून दिलेला रंगाचा नंबर होता." आणि त्याने तोंड मिटलं. अबोला धरावा तर असा! आठ दिवस जेवणाचे डबेसुद्धा पाठीला पाठ लावून उघडले गेले.

नवव्या दिवशी कॉम्प्रेसरच्या मोटरचा आवाज थांबला. धाकट्याला वाटलं, दादाने हवा बंद केली. विचारायला जीभ रेटेना. हवेची टाकी भरली की मोटर आपोआप थांबते, हे का त्याला ठाऊक नव्हतं? पण रुसलेलं माणूस सोयीचं तेच ऐकतं. त्याने पाना लावला. माझे आटे सुटत गेले. मी फुसफुसलो, किंचाळलो, पण माझी भाषा कोणाला कळते! शेवटचा आटा सुटला आणि शेपटीला रंगाच्या गनची नळी घेऊन मी उडालो.

नेमका तेव्हाच दादा भिंतीआडून येत होता. हातात नंबराची चिठ्ठी. चूक त्याचीच होती, हे त्याला नुकतंच कळलं होतं, आणि तेच सांगायला तो निघाला होता. मी त्याच्या डाव्या डोळ्यावर आदळलो.

डोळा गेला. दवाखान्यात धाकटा रडत म्हणाला, "मी विचारलं असतं तर..." दादा म्हणाला, "अरे, मीच आधी हाक मारायला हवी होती." पण धाकट्याला ती पट्टी बघवेना. दादाने परोपरीने अडवलं, तरी तो दुसरीकडे कामाला लागला. जाताना त्याने मला गंजक्या स्क्रूंच्या डब्यात टाकलं.

मी अजून तिथेच आहे. दादा कधीतरी डबा चाचपतो, माझ्या पोचावरून अंगठा फिरवतो आणि ठेवून देतो. ज्या हाताने घडवलं, त्याचाच डोळा मी घेतला. तरी त्याने मला भंगारात घातलं नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसा असं मी म्हणत नाही. भांडा खुशाल. पण कुठलाही जोड सोडवण्याआधी पलीकडच्याला एक हाक मारा, आणि उत्तर आलं तरच पाना फिरवा.

संध्याकाळी दादा कॉक फिरवतो. पुढच्या शेडमध्ये कोणी नसतं, कोणी विचारत नाही. तरी तो भिंतीकडे तोंड करून म्हणतो,

"बंद रे!"