महिपतीचा हात आणि कौशल्याचं डोकं

कसब्यातल्या महिपतीच्या सलूनमध्ये लोक यायचे केस कापायला, पण पुन्हा यायचे ते मानेसाठी. दाढी उरकली की महिपती गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही हातांत धरायचा, हनुवटी जराशी उचलायचा आणि बोलता बोलता एक झटका द्यायचा. कट्! मग दुसऱ्या बाजूनं आणखी एक. गिऱ्हाईक डोळे मिटून "वा!" म्हणायचं. पस्तीस वर्षं हे चाललं होतं. वडिलांकडून आलेला हात होता तो, आणि महिपतीला त्याचा भारी अभिमान.

फक्त एक डोकं त्या हाताला दाद देत नव्हतं, आणि ते नेमकं घरचं होतं. कौशल्याला, म्हणजे त्याच्या बायकोला, लग्नाआधीपासूनची अर्धशिशी. आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचायचा, मग डावी बाजू ठणकायला लागायची, मग उलट्या. दिवसभर ती डोक्याला ओढणी आवळून अंधारात पडून राहायची. महिपती दर शनिवारी न चुकता तिची मान मोडून द्यायचा. ती बिचारी मुकाट्यानं बसायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा ओढणी.

एका मंगळवारी दुपारी मुलगी भाग्यश्री दुकानाच्या दारात येऊन म्हणाली, "बाबा, आईला कोथरूडला घेऊन जातेय. कायरोप्रॅक्टरकडे."

"ते काय असतं?"

"मणक्याचे आणि सांध्यांचे जाणकार. हातानं उपचार करतात."

महिपतीचा वस्तरा हवेतच थांबला. "म्हणजे मान मोडतात."

"बाबा, तसं नाही हो."

"घरात माणूस असताना मान मोडून घ्यायला कोथरूडला जायचं? थांब. मीही येतो."

अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाची उरलेली अर्धी त्यानं एका दमात संपवली, शटर ओढलं आणि बाहेर कौशल्या बसली होती त्या रिक्षात चढला. वाटभर तो गाल फुगवून बसला. ती खिडकीतून बाहेर बघावं तशी रिक्षाच्या उघड्या बाजूनं बघत राहिली. पण तिच्या चेहऱ्यावर जरासं हसू होतं, आणि ते महिपतीला जास्तच झोंबलं.

डॉक्टर अपूर्वा म्हणजे तिशीतली, बारीक चणीची पोरगी निघाली. महिपतीनं आधी तिचे हात पाहिले. एवढ्याशा हातांनी ही काय मान फिरवणार!

पण अर्धा तास झाला तरी तिनं कौशल्याला हातच लावला नाही. नुसतं विचारत होती. दुखणं कधी सुरू होतं? कुठल्या बाजूला? बोलताना जीभ अडखळते का? हातापायाला मुंग्या येतात का? अचानक, कधी नव्हे इतकं जोरात दुखलंय का? भाग्यश्रीनं भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो काढून आणले होते. डोकं दुखलं की त्या तारखेवर कौशल्या फुली मारायची. डॉक्टरांनी फोटो मोठे करून पाहिले.

"काकू, फुल्या बऱ्याचशा सोमवारी आहेत. सोमवारी वेगळं काय असतं?"

कौशल्या क्षणभर विचार करून म्हणाली, "सोमवारी दुकान बंद. हे दिवसभर घरी असतात."

भाग्यश्रीला हसू आवरेना. डॉक्टरही हसल्या. महिपतीचे कान लाल झाले, आणि तो उसळून म्हणाला, "आणि सोमवारी हिचा कडक उपवास असतो, तेही सांग की! सकाळचा चहासुद्धा नाही. दिवस मावळेपर्यंत पोटात नुसतं पाणी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काका, हे तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. उपाशी राहिल्यानं, रोजचा चहा चुकल्यानं पुष्कळांचं मायग्रेन उठतं."

आपण काहीतरी महत्त्वाचं बोललो हे ऐकून महिपती खुर्चीत जरा ताठ बसला. पण पुढचाच प्रश्न आला. "काकूंची मान कोणी झटका देऊन मोडतं का?"

कौशल्यानं नवऱ्याकडे पाहिलं.

"दर शनिवारी," महिपती म्हणाला. "मी स्वतः."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणका उचलला आणि मानेच्या हाडांमधून मेंदूकडे जाणाऱ्या लाल नळ्या दाखवल्या. "या रक्तवाहिन्या. चुकीच्या झटक्यानं यांना इजा होऊ शकते. क्वचितच होते, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जातं. काकूंना तर डोळ्यांपुढे उजेड दिसतो, आणि अशांना पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त. त्यांच्या मानेला झटका मी देणार नाही."

"मग तुम्ही शिकलात काय?" महिपतीनं विचारलं. आवाज मात्र एव्हाना उतरला होता.

"कुठे झटका द्यायचा नाही, हेच शिकायला जास्त वर्षं गेली, काका." मग त्या कौशल्याकडे वळल्या. "आणि खरं सांगते, मायग्रेन मी बरं करत नाही. ते मेंदूशी, नसांशी निगडित दुखणं आहे. तुमचे खांदे आणि मान आखडल्यासारखी दिसतेय, ती मोकळी केली तर थोडा आराम पडेल, कदाचित नाहीही पडणार. आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. चिठ्ठी देते."

मग त्यांनी बोटांनी कौशल्याचे खांदे हळूहळू दाबले, मानेचे तीन सोपे व्यायाम करून घेतले. महिपती टक लावून बघत होता. झटका नाही, आवाज नाही. कौशल्याचे खांदे मात्र सैल होऊन खाली आले.

त्या संध्याकाळी श्रीधरपंत दुकानात आले. पोस्टातून निवृत्त झालेले, डोक्यावर तुळतुळीत टक्कल. खुर्चीत बसून त्यांनी मान पुढे केली.

"पंत, मान मोडणं बंद केलंय," महिपती म्हणाला.

"म्हणजे आता फक्त केस?" पंतांनी आरशात स्वतःकडे पाहिलं. "मग मी येऊ कशाला, वर्तमानपत्र वाचायला?"

महिपतीनं त्यांना लाल नळ्यांचं सगळं समजावलं आणि गरम टॉवेल मानेवर ठेवून खांदे सावकाश दाबून दिले. पंतांनी डोळे मिटले, म्हणजे आवडलं असावं. जाताना म्हणाले, "आवाज येत नाही, तेवढं सोडलं तर ठीक आहे." दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले.

न्यूरॉलॉजिस्टनं गोळ्या दिल्या. एक रोजची, एक दुखणं सुरू होताच घ्यायची. सोमवारच्या उपवासाचं मात्र कौशल्यानं स्वतःच ठरवलं. सकाळी उठल्याबरोबर चहा, दूध आणि राजगिऱ्याचा लाडू. "महादेवाला सांगितलंय मी," ती म्हणाली, "तो काही बोलला नाही." तीन महिन्यांत महिन्याच्या सहा फुल्यांच्या दोन झाल्या. त्यात गोळीचा वाटा किती, लाडवाचा किती आणि व्यायामाचा किती, हे डॉक्टर अपूर्वांनाही सांगता येईना. महिपतीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

दोन मात्र राहिल्या होत्या. श्रावणातल्या एका दुपारी महिपती दुकानातून जेवायला घरी आला होता, तेव्हा पोळी लाटता लाटता कौशल्या म्हणाली, "अहो, उजेड दिसायला लागला." महिपतीनं लगेच गोळी आणि पाणी दिलं, खिडक्या लावल्या, पंखा बारीक केला आणि स्वतः खाली बोळात जाऊन उभा राहिला. भंगारवाला कर्णा लावून आला, त्याला हात जोडून तो बंद करायला लावला. शेजारणीच्या मिक्सरला तासाभराची सुट्टी देववली. दोन मुलं भांडत आली, ती त्याचा चेहरा बघूनच कुजबुजत भांडायला लागली.

मग वर येऊन त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पिठलं केलं.

दोन तासांनी कौशल्या उठून बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला, पण पायांवर नीट उभी. एरवी ती दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाचा वास सहन करत नसे.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

महिपतीनं ताट वाढलं. तिनं घास घेतला, सावकाश चावला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मीठ विसरलात."

"आणतो," म्हणत महिपती असा काही उठला, जणू कुणी त्याला शाबासकी दिली होती.