तळकोंड साक्षर झालं त्या वर्षी

तळकोंडच्या शाळेत त्या वर्षी मुलं होती नऊ, आणि वरून हुकूम आला वीस निरक्षर शोधून काढण्याचा. सखाराम गुरुजींनी तो दोनदा वाचला. मुलं कमी पडली तर शाळा बंद होते हे त्यांना ठाऊक होतं. निरक्षर कमी पडले तर काय होतं ते कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांना जास्त भीती वाटली. निवृत्ती दोन वर्षांवर आलेला माणूस. छत्री घेऊन ते दारोदार फिरले. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. उरलेल्यांत खरे निरक्षर निघाले तेरा. मग गुरुजींनी चौथी शिकलेल्या सहा बाया निरक्षर करून घेतल्या. त्यांतली एक म्हणाली, गुरुजी, मला तर तुम्हीच शिकवलंत. गुरुजी म्हणाले, म्हणूनच तुझ्यावर माझा हक्क.

विसावं नाव मथुरेचं. गुरुजी वाडीत आले तेव्हा ती घरी नव्हती, सड्यावर होती. गावाच्या वर तांबड्या कातळाचा उघडा सडा आहे. तिथं गवताशिवाय काही उगवत नाही असं सगळे म्हणत. मथुरेच्या नवऱ्यानं, लवूनं, त्या कातळात पहारेनं खड्डे पाडले, खालच्या वहाळाची माती टोपल्यांनी वर नेली आणि दापोलीहून आणलेली काजूची कलमं लावली. दोघांनी मिळून तीन उन्हाळे खांद्यावरून पाणी घातलं. लवू जाऊन आता सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरी कोण असतं असं कोणी विचारलं की मथुरा म्हणायची, घरी कोण नाय, सड्यावर हायत.

गुरुजींनी तिला पाणंदीत गाठून फॉर्मवर अंगठा घेतला. घेण्याआधी फॉर्म वाचून दाखवला. तशी रीतच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, समजलं का विचारायचं, आणि विचारलं म्हणून दोघांनी खाली साक्ष घालायची. लवूच्या माघारी वारसनोंदीला ती गेली तेव्हा तलाठ्याच्या माणसानं सगळा कागद असाच वाचला होता. सडा सामाईक, अर्धा तिचा आणि अर्धा दिराच्या मुलाचा, सर्वेशचा, हे तिला त्या वाचण्यातूनच कळलं होतं. तोवर मथुरेच्या आयुष्यात आलेला प्रत्येक कागद तिच्याशी बोलला होता.

वर्ग दिशा घेणार होती. दिशा म्हणजे शेजारच्या घरातली सून, बारावी झालेली, नवरा मुंबईला. योजनेत शिकवणाऱ्याला मानधन नव्हतं. गावातल्या शिकलेल्या माणसानं सेवाभावानं शिकवायचं असं धोरण होतं. सेवेला तरतूद नव्हती, फलकाला होती, तेव्हा फलक वेळेवर आला आणि देवळाच्या सभामंडपात लागला. पुस्तकं काही आली नाहीत. छापणारं ऑफिस वेगळं, पोचवणारं वेगळं, आणि दोघांची गाठ घालून देणारं तिसरंच, आणि त्या तिसऱ्यातली खुर्ची रिकामी, असं गुरुजींनी तालुक्याला जाऊन आल्यावर सांगितलं. दिशा खडूसुद्धा स्वतःच्या पिशवीतून आणी.

भाताची कामं आटपली की दुपारी तीनला बाया जमत. बऱ्याच जणी गप्पा मारायला येत, त्यात वाईट काही नव्हतं. मथुरा शिकायला येई. पुस्तक नाही म्हणून दिशानं प्रत्येकीला तिच्या नावापासून सुरुवात करून दिली. मथुरा आधी पाटीवर आडवी रेघ ओढी, धुणं वाळत घालायची दोरी बांधावी तशी, आणि मग तिला एकेक अक्षर टांगी. दिशा म्हणायची, काकी, आधी अक्षर, मग वर रेघ. मथुरा म्हणायची, दोरी नाय तर लुगडं कुठं घालू गो? बाया हसत. पण तिनं रेघेची खोड सोडली नाही.

फेब्रुवारी सरता सरता तिला अठरा अक्षरं येऊ लागली. स्वतःच्या नावाची, लवूच्या नावाची, देवाची, सड्याची. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं व्हायची होती. तेवढ्यात पत्र आलं की परीक्षा येत्या रविवारी. मार्च संपायच्या आत आकडा वर जायचा होता, आणि आकड्याला वेलांटी लागत नाही.

परीक्षेला गुरुजींनी उत्तरं फळ्यावर लिहिली. बायांनी ती रांगोळी उतरवावी तशी उतरवली. मथुरेनं उतरवली नाहीत. येत होतं तेवढं लिहिलं आणि बाकीचं कोरं ठेवून पेपर दिला. गुरुजींनी पेपर बघितला, मग तिला बघितलं, आणि हळूच म्हणाले, मथुरे, तुझ्या एकटीपायी गावाचे शंभर टक्के जातील. गुरुजी जमिनीवर बसले आणि डाव्या हातानं तिच्या कोऱ्या जागा भरू लागले, अक्षर म्हातारीचं दिसावं म्हणून.

सगळ्या पास झाल्या. वरचे साहेब आले, नारळ फुटला, प्रमाणपत्रं वाटली, तळकोंड पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं. मथुरेनं आपलं प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लावलं आणि सोमवारी तीन वाजता पाटी घेऊन सभामंडपात गेली. तिथं कोणी नव्हतं. फलकही काढून पुढच्या गावाला गेला होता. ती दिशाच्या दारात गेली. दिशानं खाली बघत सांगितलं की यादीत आता कोणी निरक्षर उरलं नाही, आणि यादीत नाव नसेल तर वर्ग घेता येत नाही.

"पण मना अजून येत नाय," मथुरा म्हणाली.

"मला ठाऊक आहे काकी," दिशा म्हणाली. "यादीला नाही ठाऊक."

पुढच्या पंधरवड्यात शिमगा आला, कुलपं उघडली, पालखी घरोघर फिरू लागली. सर्वेशही मुंबईहून आला. त्याच्याबरोबर तालुक्याचा एक माणूस होता, पायात बूट, बगलेत फाइल. पालखी पुढच्या घरी गेल्यावर सर्वेश पडवीत बसला आणि म्हणाला, काकी, सड्यावर टेम्पो जाईल एवढी वाट काढून घेऊ, काजू डोक्यावरनं वाहायला नको. सामाईकात आहे म्हणून तुझी सही लागते. त्या माणसानं कागद पुढं केला.

मथुरा म्हणाली, वाच रे जरा, काय लिवलंय ता.

सर्वेशनं देव्हाऱ्याशेजारच्या प्रमाणपत्राकडं बघितलं आणि हसला. "काकी, सरकार म्हणतंय तुला वाचता येतं. आता मी वाचून दाखवला तर तुझा अपमान नाय का होणार?"

बूटवालाही हसला. दारात पालखीमागून चाललेल्या चार बायका उभ्या होत्या, त्याच तिच्या वर्गातल्या. मथुरेनं कागद हातात घेतला. ओळी मुंग्यांसारख्या दाट. पण त्यांत तिला म दिसला, थु दिसला, रा दिसला. तिचं नाव तीन ठिकाणी होतं. एका ठिकाणी लवूचं होतं. सड्यातले स आणि ड होते. बाकीचं तिला लागलं नाही. पण कागदात आपली माणसं दिसली, आणि माणसं आपली तर घर आपलं, असं ती समजली. गर्दीत ओळखीचे दोन चेहरे दिसले की माणूस निर्धास्त होतो, तसंच झालं. तिनं दोरी बांधली आणि नाव टांगलं. वाचून दाखवलं, समजलं का विचारलं, अशी साक्ष खाली कोणी घातली नाही. सही करणाऱ्याच्या कागदाला ती लागत नाही. जाता जाता बूटवाल्यानं प्रमाणपत्राची झेरॉक्स मागितली. मथुरेनं ते स्वतः खिळ्यावरून काढलं आणि पदरानं पुसून दिलं.

पुस्तकं एप्रिलात आली. गुरुजींनी गठ्ठा शाळेच्या कपाटात ठेवला. मथुरा मागायला गेली तेव्हा त्यांनी वाटपाची वही उघडून दाखवली. पुस्तक निरक्षराला द्यायचं होतं, आणि ती साक्षर होती. जूनमध्ये गठ्ठ्याला वाळवी लागली. मग मात्र खराब प्रती फेकायला कुणाची परवानगी लागली नाही. दिशानं त्यांतली एक उचलून आणली. पहिले चार धडे वाळवीनं खाल्ले होते, पुढचे शाबूत होते. त्या पावसात रोज दुपारी दिशा मथुरेच्या पडवीत बसली. कोणत्या यादीत ते नव्हतं. मात्रा झाल्या, वेलांट्या झाल्या, जोडाक्षरांवर मथुरेनं दात झिजवले. गणपतीत तिनं आरतीचं पुस्तक अडखळत वाचलं. मोठ्यानं वाचायचं नाही, मनात वाचायचं, असं दिशा सांगे, पण मनात वाचतानाही मथुरेचे ओठ हलत. उशिरा शिकलेल्याचे हलतातच.

दिवाळीनंतर सड्यावर यंत्र चढलं. मथुरा धावत वर गेली तोवर वाटेतली म्हणून सात कलमं आडवी झाली होती आणि कातळावर चिऱ्याच्या मापाच्या रेघा पडल्या होत्या. बूटवाला तिथं होता. तो म्हणाला, आजी, वाट नाही, चिरेखाण आहे, तुमची संमती आहे. कागद मात्र त्यानं दाखवला नाही, कचेरीत बघा म्हणाला.

खाण थांबवावी असा अर्ज दिशानं लिहिला. तालुक्याच्या कचेरीतल्या एका भल्या कारकुनानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, म्हातारीला वाचता येत नाही आणि कागद वाचून दाखवला नाही, एवढं ठरलं तर खाण थांबू शकते. प्रमाणपत्राचं काय, असं दिशानं विचारलं तर तो म्हणाला, प्रमाणपत्र सगळ्यांकडं असतं, साहेबबाई विचारतील तेव्हा नाही म्हणू दे.

एस्टीत दिशानं मथुरेला तीन वेळा बजावलं. "काकी, वाचता येतं का विचारलं तर नाय म्हणा. पुढं माझं काय व्हायचं ते होऊ दे." दिशानं अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि त्याला वर्ग चालवल्याचा दाखला जोडला होता; वर्ग खोटा ठरला तर दाखलाही खोटा ठरणार होता. मथुरेला ते माहीत होतं.

साहेबबाई तरुण होत्या, आवाज बरा होता. सर्वेश खास मुंबईहून आला होता, भिंतीशी उभा होता. दिशा दारात. बाईंनी संमतीपत्र मथुरेपुढं ठेवलं आणि सही तुमचीच का विचारलं. मथुरा हो म्हणाली.

"वाचता येतं?"

"नाय," मथुरा म्हणाली. तोंडात खडा आल्यासारखं तिला झालं, पण म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. त्यांचा विश्वास बसला होता. पाच मिनिटं गप्प बसलं असतं तरी पुरलं असतं. पण कागद पुढ्यातच राहिला. मथुरेनं नजर खिडकीकडं नेली, भिंतीवरच्या नकाशाकडं नेली, आणि तिथंही गावांची नावं होती. गुहागर, मंडणगड. न वाचायचं म्हटलं तरी ती वाचली गेली. आठ महिन्यांपूर्वी अक्षराकडं नुसतं बघता येत होतं. आता येत नव्हतं. नजर खाली आली. कैलासवासी लवू. मग पुढचं.

"मॅडम," सर्वेश भिंतीशी उभा राहून म्हणाला, "काकीचे ओठ बघा."

बाईंनी पेन थांबवलं. "आजी, तुम्ही वाचताय?"

मथुरेनं बोट त्या ओळीवर ठेवलं होतं. ते तिनं उचललं नाही. ती मोठ्यानं वाचू लागली. कैलासवासी लवू यांच्या हिश्श्याच्या सड्यावर चिरेखाण करण्यास. क्षेत्र या शब्दावर अडली, दोन पावलं मागं आली, पुन्हा गेली. झाडे, झुडपे व इतर अडथळे काढून टाकण्यास. पान संपायला बराच वेळ लागला. सर्वेशला भिंतीशी उभं राहून सगळं ऐकावं लागलं, तेवढंच. शेवटची ओळ तिनं सावकाश वाचली: मी साक्षर असून वरील मजकूर स्वतः वाचून व समजून सही केली आहे.

"आज वाचला, बाय," ती म्हणाली. "शिमग्याला येत नव्हतं."

"मग परीक्षा कशी पास झालात? तेव्हा येत नव्हतं असं सांगणारं कोणी आहे?" बाईंनी विचारलं. खरंच विचारलं, टाकून बोलल्या नाहीत.

दारातली दिशा एक पाऊल आत आली. मथुरेनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती नजर दिशाला कळली आणि ती तिथंच थांबली.

"कोण नाय," मथुरा म्हणाली.

जबाब लिहून झाला. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. कारकून म्हणाला, आजी, इथं सही. ती म्हणाली, थांब, वाचते. अर्जदाराने दस्त सर्वांसमक्ष वाचून दाखवला, अर्जदार साक्षर असल्याचे दिसून आले, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तिनं सगळं वाचलं. हरकत घ्यावी असं त्यात काही नव्हतं. मग तिनं म काढला, थु काढला, रा काढला, आणि सगळ्यांत शेवटी वर रेघ ओढली.

कचेरीच्या पायऱ्या दिशा मागून उतरली. मथुरा पुढं चालत होती. स्टँडजवळ आल्यावर ती थांबली आणि गाडीवरची पाटी वाचून ती आपली नाही याची खात्री करून घेतली.

"गुरुजींना सांग गो," ती म्हणाली, "मथुरा पास झाली. ह्या खेपेस आपल्या हातानं."