शेंगा सोलण्याचं यंत्र

हिंदी मुलखातल्या बिजौलीच्या ज्या कारखान्यात बकुळ हिशेब सांभाळायची, तिथेच तिचा नवरा विश्वंभर यंत्रांचे आराखडे करायचा. भुईमुगाच्या शेंगा सोलण्याचं यंत्र ही त्याची सगळ्यात मोठी कमाई. त्यासाठी तो गरौठ्याच्या शेतकऱ्यांकडे जाऊन बसे, दाणा फुटू नये म्हणून जाळी पुन्हा पुन्हा बदले. शेवटी यंत्र विक्रीला आलं. ते घडवायला झालेला खर्च आठ वर्षांत थोडाथोडा, झीज म्हणून हिशेबात घालायचं ठरलं.

ते काम बकुळकडे आलं. कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाची दोन पुस्तकं होती, एक कंपनीचं आणि एक आयकराचं. खर्च तोच, पण वाटणी वेगळी. कंपनीच्या पुस्तकात दर महिन्याला सारखा हप्ता, आयकराच्या पुस्तकात दर वर्षी उरलेल्या रकमेचा चौथा भाग. महिनाअखेरीला ती हप्ता टाकायला बसली की विश्वंभर खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. "या महिन्यात मी किती झिजलो?" असं विचारायचा. आधी चहा सांगा, मग सांगते, असं ती म्हणायची.

एकदा यंत्राची पाहणी करून परतताना गुरसरायच्या बस स्टँडवर त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

तेरावं झाल्यावर बकुळ कामावर आली. हप्ते पडत राहिले. यंत्राच्या तक्रारी मात्र वाढल्या. जाळी कुणालाच नीट बसवता येईना. गिऱ्हाइकं कमी झाली, मग थांबलीच.

मालक रिछारियाजींनी तिला स्वतः बोलावलं. बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि यंत्र बनवणं बंद करतोय असं सांगितलं. तिने वर्षभराची मुदत मागितली. आराखडे सगळे जपून ठेवलेत, नवा इंजिनिअर शिकेल, असं ती म्हणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बकुळ जी, नक्शे तो हैं. जो उनमें लिखा नहीं है, वो कौन बताएगा?"

ती उठून आपल्या टेबलाशी परतली.

आता कंपनीच्या पुस्तकात उरलेली सगळी रक्कम एकदम खर्ची टाकायची होती. आयकराच्या पुस्तकातली वाटणी मात्र तशीच चालू ठेवायची होती. घाईत नोंद बंद केली तर दोन्हीकडची बंद होई, म्हणून जपून करायचं काम. तिच्या हाताखालच्या मार्तंडने हळूच विचारलं, "दीदी, मैं कर दूँ?" तिने मान हलवून नको म्हटलं.

तिने फक्त कंपनीचं पुस्तक निवडलं. सॉफ्टवेअरने कारण विचारलं. तीनच कारणं होती: विकलं, मोडलं, निरुपयोगी. विकलं नव्हतं. मोडलंही नव्हतं. मार्तंडने नजर खाली घातली. मग तिने तिसरं कारण निवडलं. पुढच्या वर्षांचे सगळे हप्ते पुसले गेले. आयकराच्या पुस्तकाला धक्का लागला नाही ना, हे तिने मार्तंडला तपासायला सांगितलं, आणि ती पर्स उचलून निघाली.

घरी मुलगी कांचन दारातच उभी होती. कारखान्यातल्या कुणीतरी तिला आधीच कळवलं होतं.

"पापा की मशीन बंद कर दी?"

"हो."

"कंप्यूटर में किसने की?"

"मी."

कांचन आत गेली आणि तिने खोलीची कडी लावली. बकुळ चपला न काढताच दाराशी खाली बसली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "किसी और से करवा लेतीं."

"दुसऱ्या कुणी तुझ्या बाबांच्या कामाला निरुपयोगी म्हटलेलं मला सोसलं नसतं गं."

आतून हुंदके ऐकू यायला लागले. विश्वंभर गेल्यापासून घरात सतत कुणी ना कुणी होतं, आणि बकुळने स्वतःला सावरून धरलं होतं. आज दोघींशिवाय कुणी नव्हतं. बंद दाराला डोकं टेकून तीही मोठ्याने रडली.