कुसुम मॅडमच्या वर्गातली एसटीची घंटी

मी एसटीची घंटी बोलतेय. दचकू नका, तिकीट विचारणार नाही. नाशिक-मनमाड गाडीत माझा जन्म गेला. एक टोला पडला की गाडी थांबायची, दोन पडले की निघायची. ड्रायव्हर कितीही तापट असो, माझ्यापुढे त्याचं काही चालत नसे. गाडी भंगारात निघाली तेव्हा कंडक्टर शामसुंदर यांनी मला रीतसर मागून घेतलं, कौतुकाने घरी नेलं आणि माळ्यावर टाकून दिलं. माणसांचं प्रेम हे असं.

तिथून मला त्यांच्या बायकोने, कुसुम मॅडमनी खाली काढलं. त्या देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत सातवीला इंग्रजी शिकवतात. परीक्षेआधीची उजळणी म्हटली की मुलांचे चेहरे उतरायचे, म्हणून मॅडमनी प्रश्नांचा खेळ काढला. दोन संघ, मध्ये टेबलावर मी. आधी वाजवेल त्याने उत्तर द्यायचं, तेही इंग्रजीत.

एका संघातला तनय प्रश्न संपायच्या आत मला बडवायचा. दुसऱ्या संघातला सनी त्याच्याही आधी बडवायचा आणि मग मागे वळून रोहिणीच्या तोंडाकडे बघायचा. ती कानात उत्तर सांगायची, हा ते ऐटीत म्हणून दाखवायचा.

रोहिणीला सगळं यायचं. पण जूनमध्ये धडा वाचताना ती अडखळली आणि वर्ग खो खो हसला. तेव्हापासून इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडलं नव्हतं. ते उघडावं म्हणूनच मॅडमनी हा सगळा खटाटोप मांडला होता.

"सनी, तू मागे बस. शेवटचा प्रश्न रोहिणीला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ती नाय बोलणार. हरवाल आम्हाला," सनी कुरकुरला.

प्रश्न आला. धड्यातल्या दीपगृहावरच्या म्हाताऱ्याने दिवा का विझवला? रोहिणीने मला अशा घाईने वाजवलं की माझे दोन टोले पडले.

"डबल बेल. चला, निघाली गाडी," तनय म्हणाला. सगळे हसले. आता ही पुन्हा वर्षभर गप्प बसणार, असंच मला वाटलं.

"ही वॉज स्लीपी," रोहिणी म्हणाली.

उत्तर साफ चूक. जहाज बंदराला लागलं म्हणून त्याने दिवा विझवला होता. मॅडम फुली मारणार, तोच ती म्हणाली, "नो मॅडम. पेज टू. ही इज यॉनिंग."

पुस्तकं उघडली. धड्याच्या दुसऱ्या पानावरच्या चित्रात म्हातारा खरंच जांभई देत होता.

"उत्तर चूकच आहे," मॅडम म्हणाल्या, "पण भांडलीस इंग्रजीत, त्याचे गुण देते."

तनय चवताळला. "मॅडम, हे चीटिंग आहे."

"इंग्रजीत भांड."

मग काय, सगळा वर्ग मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांवर तुटून पडला. तास संपल्याची घंटा कोणी ऐकलीच नाही. ती मोठी घंटा एरवी फार तोऱ्यात असते. शेवटी हेडसर दारात येऊन उभे राहिले आणि वर्ग चिडीचूप झाला. मॅडमसुद्धा.

उभी राहिली ती रोहिणी. "सर, प्लीज वेट. वुई आर फायटिंग."

आता माझी वाटी चेपलीय, स्क्रू ढिला झालाय. शाळेवरून जाताना माझा आवाज आला तर एवढं करा, बाहेरच थांबा. भांडण अजून मिटलेलं नाही.