मागचं गेट

मनाच्या डॉक्टरबाईंनी ग्रुप थेरपीला जायला सांगितलं तेव्हा मला पहिली शंका आली ती हीच, की त्या मला कंटाळल्या. सात महिने दर मंगळवारी मी त्यांच्यासमोर बसून तेच रडगाणं गात होते, विटल्या असतील बिचाऱ्या. मी तसं तोंडावर विचारलंसुद्धा. त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे यायचं बंद करायचं नाही, हे त्याच्या जोडीला. दहा आठवडे, आणि येणारे सगळे तुमच्यासारखेच, आधीपासून कुणाकडे ना कुणाकडे जाणारे. घरी नवरा म्हणाला, एकीला जमलं नाही ते पाचजण मिळून करतील, जा. त्याला काय जातंय बोलायला.

खरं कारण मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. मला माणसांची भीती नव्हती. चारचौघांत बसल्यावर तोंडून भलतंच निघून जाईल याची होती.

मी अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. घेत होते म्हणा, आता मला फायलींच्या खोलीत टाकलंय. गेल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी एकाचा फोन आला, भाऊ कोसळलाय, श्वास घेत नाही. अशा वेळी आम्ही फोनवरून छाती दाबायला लावतो आणि आकडे मोजत राहतो. मी चौदा मिनिटं मोजलं. भाऊ गेला. तेव्हापासून मला मोठ्याने मोजता येत नाही. दोरीवर कपडे घालताना चिमटे मोजायला गेले तरी घशाशी काहीतरी येतं. डॉक्टरबाईंना मी एवढंच सांगितलं होतं. अर्धंच.

ग्रुप एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. सकाळी त्या खोलीत डोळे तपासत, त्यामुळे भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ग्रुप घेणारे सर किडकिडीत, आणि बोलायचे इतकं हळू की शेजारी कुणी झोपलंय असं वाटावं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, काय घडलं ते इथे सविस्तर सांगायचं नाही, ते ज्याने त्याने आपापल्या समुपदेशकाकडे बोलायचं. इथे फक्त आज त्याचा काय त्रास होतो ते. म्हणजे एकाची जखम दुसऱ्याला लागत नाही. मी मनात म्हटलं, चला, सुटले.

आम्ही चौघं होतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिला रडता रडताही दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करायची खोड. एक बसड्रायव्हर, जो दाराशेजारची खुर्ची कुणाला घेऊ देत नसे. मी. आणि एक बाइंडर. पुस्तकांची बांधणी करणारा, पस्तिशीचा, नखांत वाळलेली खळ. पहिले दोन आठवडे तो मान खाली घालून बसला आणि त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो बोलला.

आमच्या धंद्यात चेहरे नसतात. जो काही माणूस असतो तो आवाजातच. त्याने तोंड उघडलं, "मी कुणालाही पत्ता सांगितला की तीनदा सांगतो," एवढंच म्हणाला, आणि मी खुर्चीची कड घट्ट धरली. तोच. चौदा मिनिटं कानात होता माझ्या.

तो सांगत गेला. कुरियरवाल्याला तीनदा पत्ता, गिऱ्हाइकाला तीनदा. कारण एकदा, भाऊ त्यांच्या बांधणीच्या कारखान्यात कोसळला तेव्हा, त्याने गेट चुकीचं सांगितलं. सुट्टीमुळे पुढच्या गेटला कुलूप होतं, मागचं उघडं होतं, आणि अॅम्ब्युलन्स पुढे जाऊन उभी राहिली. चौकशीनंतर आलेल्या पत्रात लिहिलं होतं, फोन करणाऱ्याकडून अपुरी माहिती, आणि त्या धावपळीत आपण नेमकं काय बोललो ते त्याला आठवत नव्हतं. ते पत्र त्याने स्वतःच नेऊन वहिनीला दाखवलं. तेव्हापासून वहिनीने दार बंद केलंय. पुतण्यांसाठी काही नेलं तर उंबऱ्याबाहेर ठेवून यायचं. आता कारखाना विकतोय, महिनाअखेर हे गाव सोडणार. सरांनी त्याला अलगद थांबवलं, आज एवढं पुरे म्हणाले.

आता उरलेलं अर्धं सांगते. त्याने गेट बरोबर सांगितलं होतं.

आमच्या संगणकावर जागेचं नाव टाकलं की पत्ता आपोआप भरतो, आणि तो नेहमी पुढच्या गेटचा असतो. दुसरं गेट असलं तर खालच्या रकान्यात हाताने लिहायचं. पण मोजताना ताल सुटू नये म्हणून उजव्या हाताने टेबलावर ठेका धरायची माझी सवय. नवीन मुलींनाही मीच ती शिकवली होती, मोठ्या तोऱ्यात. त्या दिवशी लिहायचा हात ठेका धरत होता. तो दोनदा म्हणाला मागचं गेट, मी ऐकलं, आणि मोजत राहिले. रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्या जागी माझेच आकडे ऐकू येतात, त्याचे शब्द त्याखाली दबलेत. चौकशीला साहेबांनी विचारलं, त्याने गेट सांगितलं होतं का? मी म्हणाले, आठवत नाही. बावीस वर्षांची नोकरी होती, आणि जीभ आपसूक वळली.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. मंगळवारी डॉक्टरबाईंकडे गेले आणि तासभर नणंदेच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलले. त्या बघत राहिल्या. त्यांना कळत होतं की मी वेळ काढतेय, आणि मला त्यांचा राग येत होता की त्या कान धरून विचारत का नाहीत. घरी नवऱ्यावर खेकसले. ताप आलाय म्हणून सरांना कळवायचं दोनदा मनात आलं. तो गाव सोडून गेला की प्रश्न मिटेल, असंही मनात आलं, आणि त्याची इतकी लाज वाटली की न जेवता उठले. महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते.

चौथ्या आठवड्याला गेले. सुरुवातीला डोळे मिटून श्वासाचा व्यायाम असायचा, आकडे सर मोजायचे. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. कोण मोजेल म्हणून विचारलं, तर मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे बोट केलं, हिचा आवाज खणखणीत आहे. सर लगेच म्हणाले, नको असेल तर नाही म्हणा. नाही म्हणायला हवं होतं. पण तोही बघत होता, आणि का नको हे सांगायची वेळ आली असती.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. निघणार नाही असं वाटलेला आवाज निघाला, तसाच, कामावरचा. उजवा हात कधी खुर्चीवर ठेका धरायला लागला ते मला कळलंही नाही. अकराला बाइंडरने डोळे उघडले.

"ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्हीच होतात."

मी थांबले. सर पुढे सरसावले, पण त्याने हात जोडले होते. "माझ्यामुळे तुमच्यावर चौकशी आली असेल. गेट मी चुकवलं. तुम्ही तर शेवटपर्यंत माझ्यासोबत होतात. मला माफ करा."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेली, आणि स्वतःवरच. हा माणूस माझी माफी मागत होता.

"तुम्ही मागचंच गेट सांगितलं होतं," मी म्हणाले. "दोनदा. दोन्ही वेळा मी ऐकलं होतं. लिहिलं नाही."

सर म्हणाले, आपण तिघं बाजूच्या खोलीत बोलू या. मी म्हटलं, सर, आता उठले तर मी सरळ घरी पळेन. मग बसल्या जागी सगळं सांगितलं. तो रकाना, तो ठेका, साहेबांसमोरचं ते आठवत नाही. आठवत होतं, हेही. मुख्याध्यापिकाबाईंनी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही.

"अकरा महिने," तो म्हणाला. मग उठला, त्याची खुर्ची पडली, तो बाहेर गेला. सर त्याच्यामागे गेले. ड्रायव्हर पहिल्यांदाच दाराजवळून उठला आणि तोही गेला. मी तक्त्यावरची अक्षरं बघत राहिले. जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, हा आता कुठे जाईल, काय करून घेईल.

तो परत आला तो फोन कानाला लावून. चेहरा लाल झाला होता. "वहिनीला वाटतंय मी कुणाला तरी पढवून बोलायला लावतोय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने फोन पुढे केला. सर मला हळूच म्हणाले, आज नाही बोललात तरी चालेल. मी फोन घेतला.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी तिला सांगितलं, जसं घडलं तसं. एक शब्द मऊ केला नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, छाती दाबताना तो मध्येच थांबला होता का?

"नाही," मी म्हणाले. "मी मोजून दमले, ते दाबायचं थांबले नाहीत. अॅम्ब्युलन्सची माणसं आत येईपर्यंत दाबत होते."

"तुम्ही कोण बोलताय?"

मी नाव सांगितलं, आडनावासकट. खातं सांगितलं, हुद्दा सांगितला. म्हटलं, लिहून घ्या, हेच मी उद्या साहेबांना लेखी देणार आहे.

मग तिने विचारलं, "भाऊजी आहेत ना तिथे? त्यांना द्या."

मी फोन त्याच्या हातात दिला.