उणे दहाची बॅग अर्नाळ्यात

मित्रांनो, मी एक जुनी स्लीपिंग बॅग आहे. रंग निळा, आता जरासा विटलेला. वजन एक किलो दोनशे ग्रॅम. माझ्या गळ्यापाशी एक पट्टी शिवलेली आहे आणि तिच्यावर लिहिलं आहे, 'उणे दहा अंश'. म्हणजे बाहेर पाणी गोठून दगड झालं, तरी माझ्या आतला माणूस खुशाल घोरत पडणार. आणि अशा गुणी वस्तूच्या नशिबी गाव कुठलं यावं? तर समुद्रकाठचा अर्नाळा! जिथे पारा सोळावर उतरला की लोक कानटोप्या घालून 'काय कडाका पडलाय' म्हणत शेकोटीशी बसतात!

माझा जन्म डोंगरातल्या एका कारखान्यात झाला. बदकांच्या पोटाकडची मऊ पिसं माझ्या कप्प्याकप्प्यांत भरली गेली. तिथल्या बायका शिवता शिवता बोलायच्या, की ही बॅग कुठल्या तरी बर्फाच्या शिखराखाली जाईल. मी ते ऐकून फुगून बसायची. फुगणं हा आमचा धर्मच आहे. आम्ही स्वतः ऊब तयार करत नाही. माणसाची ऊब पिसांमधल्या हवेत धरून ठेवतो. जितकं फुगू, तितकी ऊब जास्त.

मला विकत घेतलं आग्नेसबाईंनी. विरारच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवतात आणि उरलेला सगळा जीव शिडाच्या होडीवर आणि थंडीतल्या कॅम्पिंगवर टाकतात. तंबू, दोर, डोक्याला बांधायची बत्ती, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, सगळं त्यांनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोललेलं. पाठीवरचं वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली आहे. त्यांची आई सालोमी हे सगळं बघून कपाळाला हात लावायची. मला पाहिल्यावर ती म्हणाली, "ह्ये काय आनलंस? एवढा मोठा निळा बोंबील?"

जवळच्याच राजोडीच्या किनाऱ्यावर माझी पहिली रात्र गेली आणि माझी अगदी शोभा झाली. आग्नेसबाई हौसेने आत शिरल्या, दहा मिनिटांत घामाने निथळल्या, चेन उघडली आणि मला गादीसारखं खाली अंथरून वर झोपल्या. मी रडले असते, पण भिजलेलं पीस काही कामाचं नसतं.

पुढे त्या मला एकदा हिमाचलात घेऊन गेल्या. तिथे बर्फात बाकीच्या मंडळींचे दात वाजत होते आणि आग्नेसबाई सकाळी आळोखेपिळोखे देत तंबूबाहेर आल्या. सगळे मला हात लावून बघत होते. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. मला वाटलं, आता दरवर्षी बर्फ!

पण घरी आल्यावर आग्नेसबाई कॉलेजात गेल्या आणि सालोमीने मला धुवायला काढलं. तिचा हेतू चांगलाच होता. गोधडी धुवावी तसं तिने मला विहिरीवरच्या दगडावर आपटलं, लाकडी धोपाटण्याने बडवलं, दोन टोकं धरून पिळलं आणि बोंबील सुकवायच्या बांबूंवर, बोंबलांच्या दोन रांगांच्या मधोमध, वाळत घातलं. संध्याकाळी आग्नेसबाई आल्या तेव्हा माझ्या पिसांचे लिंबाएवढे गोळे झाले होते आणि एक मांजर माझ्याखाली आशेने बसलं होतं.

आग्नेसबाई खरोखर रडल्या. सालोमी ओशाळली. "मना काय ठावं, पिसा भरल्यात? मना वाटलं कापूस," एवढंच ती म्हणाली. मग तीन दिवस दोघी मायलेकी मला उन्हात घेऊन बसल्या आणि बोटांनी एकेक गोळा फोडत राहिल्या. सालोमीची बोटं कोळंबी सोलून सोलून तयार झालेली. तिने लेकीपेक्षा दुप्पट गोळे फोडले. बरीच पिसं मोकळी झाली, पण डाव्या कुशीतले काही गोळे राहिलेच. माशाचा वासही राहिला. आग्नेसबाईंचा माझ्यावरचा भरवसा उडाला आणि त्यांनी मला घडी घालून, दाबून, माळ्यावर टाकलं. वर नाताळच्या चांदणीचा खोका आणि जुनी जाळी. अशी चार वर्षं गेली. दाबलेल्या पिसाला श्वास घेता येत नाही, मित्रांनो. ती चार वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

आता पप्पांबद्दल सांगते. आग्नेसबाईंचे वडील प्लासिड, वय शहात्तर. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते शिडाच्या होडीवर. पुढे होड्यांना इंजिनं आली, शिडं गुंडाळली गेली, पण पप्पांच्या अंगातला वारा काही गेला नाही. आग्नेसबाईंनी एका क्लबाने टाकून दिलेली चौदा फुटी होडी दुरुस्त करून आणली, तेव्हा ती वाऱ्यात खेकड्यासारखी तिरकी चालते म्हणून पप्पांनीच तिचं नाव 'चिंबोरी' ठेवलं. दारात खुर्ची टाकून ते लांबून तिच्या शिडाकडे बघत आणि लेक परत आली की तिच्या चुका सांगत.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना न्यूमोनिया झाला. त्यातून ते उठले, पण थंडी हाडात बसली ती बसलीच. मे महिन्यातही स्वेटर. दिवस मावळला की सालोमी त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे. आणि त्यांची एकच इच्छा उरली होती. पोरवयात ते शिडाच्या होडीने उत्तरेला केळव्याच्या किनाऱ्यावर जात, रात्री सुरूच्या झाडांखाली झोपत आणि दुसऱ्या दिवशी परत येत. तसं एकदा, फक्त एकदा, पुन्हा जायचं होतं. शिडाला लागतो तो नेमका वारा मिळतो थंडीत आणि पप्पांना सोसत नव्हती तीच थंडी.

"किनाऱ्यावर दंव पडतं. सकाळपर्यंत त्याना काय झालं, तर मी तुज्या तंबूला इचारू?" सालोमीने लेकीला सरळ सांगितलं.

आग्नेसबाई शिडी लावून माळ्यावर चढल्या आणि त्यांनी मला खाली काढलं.

मी पापडासारखी चपटी झाले होते. त्यांनी मला उन्हात पसरलं, हळूहळू झटकलं, कप्पे चाचपले. दुपारपर्यंत मी दोन बोटं फुगले. दुसऱ्या दिवशी वीतभर. मी सगळा जोर लावत होते. हिमाचलानंतर पहिल्यांदाच कुणाला माझी खरोखर गरज होती आणि तीही अर्नाळ्यात!

सालोमीने अट घातली, की आधी घराच्या ओट्यावर एक रात्र. पप्पा खोकले तर केळव्याचं नाव काढायचं नाही. पाठीखालचं पीस तसंही दबतंच, म्हणून डाव्या कुशीतले गोळे पप्पांच्या पाठीखाली येतील असं आग्नेसबाईंनी मला अंथरलं आणि पप्पांना आत घालून चेन ओढली. त्या रात्री सालोमी चार वेळा उठून नवऱ्याच्या नाकापाशी कान लावून गेली. पप्पांना जाग आली ती सकाळी चर्चच्या घंटेने. "दोन वर्सात पैल्यांदा घाम आला," ते म्हणाले. सालोमी तोंड फिरवून चहा ठेवायला गेली. परवानगी मिळाली.

जानेवारीतल्या एका शनिवारी, उजाडता उजाडता चिंबोरी निघाली. आग्नेसबाई, पप्पा आणि आग्नेसबाईंची शिडातली जोडीदारीण रेवा, जी एरवी विरारमध्ये लोकांचे दात काढते. मी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, डोलकाठीला बांधलेली. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. त्याच्यावर होडी मजेत चालली. मग ऊन चढलं आणि वारा साफ पडला. शीड लुळं पडलं. रेवाने वल्ही काढली.

"ठेव ती," पप्पा म्हणाले. "वारा येल. आपल्यालाच घाय हाय, त्याला नाय."

वारा आला दुपारी, पण समोरून. समुद्रावरून येणारा खारा वारा, वायव्येचा आणि चांगलाच जोरात. आता नागमोडी जाण्यावाचून इलाज नव्हता. आग्नेसबाईंनी होडी खोल समुद्राकडे वळवली. पप्पा एकदम ओरडले, "आत घे, आत! भरतीचं पानी वर चाललंय. त्याच्यासंगती चल!" आग्नेसबाईंनी भौतिकशास्त्र बाजूला ठेवून बापाचं ऐकलं आणि चिंबोरी सरसर केळव्याकडे सरकू लागली. पण प्रत्येक लाट होडीच्या नाकावर फुटत होती आणि पाण्याचे सपकारे थेट पप्पांच्या अंगावर येत होते. रेनकोटाच्या गळ्यातून पाणी आत गेलं. किनारा लागला तेव्हा सूर्य टेकला होता, पप्पांचे ओठ काळेनिळे झाले होते आणि त्यांना धड बोलता येत नव्हतं.

आग्नेसबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. रेवाने पप्पांचे ओले कपडे उतरवून त्यांना खसाखसा पुसलं, कोरडे कपडे आणि कानटोपी चढवली. आग्नेसबाईंनी मला पिशवीतून ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी झटकलं. पप्पा आत आले. मित्रांनो, बर्फापेक्षा गार माणूस होता तो. त्यांच्या थरथरण्याने माझी शिवण न् शिवण हादरत होती. आणि धरून ठेवायला ऊब अगदी थोडी होती. मी माझं एकेक पीस उभं केलं. जे गोळे फुटले नव्हते त्यांच्या वाटचं कामही शेजारच्या पिसांनी उचललं. रेवाने गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्या छातीशी दिली. बाहेर आग्नेसबाई नुसत्या "पप्पा, पप्पा" करत होत्या.

पाव तास गेला. मग थरथर थोडी कमी झाली, मग थांबली. आतून आवाज आला, "च्या करतंस का नुसती रडतंस?"

रेवाने हसता हसता चहाचं आधण ठेवलं. त्या चहाचे दोन पेले पप्पांनी माझ्यातून फक्त हात बाहेर काढून रिकामे केले. थोड्या वेळाने सालोमीचा फोन आला. "कशे हायत ते? खरा सांग!" आग्नेसबाईंनी फोन माझ्या तोंडाशी धरला. पप्पा मोठ्याने घोरत होते. मग पलीकडून सालोमी म्हणाली, "जागा नको करू," आणि तिने फोन ठेवला. हिमाचलातल्या सगळ्या शाबासक्या मी त्या घोरण्यावरून ओवाळून टाकते.

सकाळी तंबूवर दंवाचे थेंब होते आणि पप्पा माझ्यातून गरमागरम बाहेर पडले. त्यांनी दुपारपर्यंत कुणाला निघू दिलं नाही. कालचा तोच खारा वारा सुटला, आता पाठीशी, तसे ते होडीत चढले आणि थेट सुकाण्यावर जाऊन बसले. आग्नेसबाईंनी मुकाट्याने जागा दिली. काय धावली ती होडी! शीड पोट काढून तटतटलं होतं आणि पप्पा कधी ऐकली नव्हती अशी गाणी म्हणत होते. किल्ल्याचं बेट उजव्या हाताला टाकून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे वळलो तर शीड दिसलं म्हणून वाळूवर ही गर्दी! इंजिन नाही, वल्ह्याला हात नाही. पप्पांनी एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीवर होडी घातली आणि चिंबोरी अलगद वाळूला टेकली. म्हाताऱ्या कोळ्यांनी टोप्या काढून आरोळ्या ठोकल्या.

सालोमी गर्दीतून पुढे आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. तिच्या वयाच्या बायका कधी होडीत बसल्या नव्हत्या. त्यांचं काम किनाऱ्यावर उभं राहायचं, मासळी उतरवायची, विकायची आणि होडी यायला उशीर झाला तर देवाला हाक मारायची.

"पन्नास वर्सा इथंच उभी ऱ्हायले तुमची वाट बघत," ती म्हणाली. "सरका तिकडं."

तिने लुगडं खोचलं, पाण्यात शिरली आणि होडीच्या काठावर पाय टाकला. जागा करायला रेवाने मला आणि बाकीचं सामान वाळूवर उतरवलं आणि स्वतःही उतरली. आग्नेसबाईंनी होडी पाण्यात लोटून दिली आणि त्याही किनाऱ्यावरच राहिल्या. शिडात वारा भरला. पप्पा सुकाण्यावर, सालोमी त्यांच्यासमोर, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. जाताना तिचा आवाज ऐकू आला, "आग्नेस! केळव्याला जायला मनाबी अशीच एक बॅग आन! धुनार नाय मी!"

मित्रांनो, आता मी माळ्यावर नसते. आग्नेसबाईंच्या खोलीत खुंटीला, मोकळी, ऐसपैस लटकते. तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी तरी दाबून ठेवलेलं असेल. जुना तंबू असेल, गुंडाळलेलं शीड असेल. 'आपल्याकडे याचा काय उपयोग' म्हणून त्यावर खोके रचू नका. बाहेर काढा, ऊन दाखवा, हलक्या हाताने झटका आणि पुन्हा फुगायला दोन दिवस द्या. पिसांच्या वस्तूला तेवढे पुरतात. दारात खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसलेल्या माणसांना मात्र तेवढेही लागत नाहीत. त्यांना फक्त होडीत जागा करून द्या.