सोळा कलमं

"सतरावं कलम यांना वाचून दाखवलं होतं का?" चौकशी अधिकाऱ्यांनी कानडीत विचारलं.

प्रश्न प्राणेशरावांना होता. कानडी मुलखातल्या या शहरात, शिवाजीनगरातल्या एका बांधकाम कंपनीत ते बावीस वर्षं करारांचे कारकून होते. समोरच्या बाकावर मालोजी मेस्त्री बसला होता. त्याची बायको सकवारबाई अकरा दिवसांपूर्वी बेळ्ळंदूरजवळ पाण्याच्या टाकीच्या परांचीवरून पडली आणि जागीच गेली. उंची अठ्ठावीस फूट. वासे शाबूत होते, फळ्याही शाबूत होत्या. काथ्याचा एक दोर तुटला होता.

मॅनेजर उमाकांत भिंतीशी खुर्ची घेऊन बसले होते. सकाळीच त्यांनी प्राणेशरावांना बाजूला घेतलं होतं. "हो म्हणा, की संपलं. अंगठा त्याचाच आहे. तुमची दोनच वर्षं राहिलीत, प्राणेशराव. कशाला नसती भानगड?"

करार झाला तो मे महिना होता. मालोजी पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम घेत होता. करार इंग्रजीत, सव्वीस कलमांचा. गल्लीतल्या मास्तरांकडून वाचून घेतो, असं तो म्हणाला, तेव्हा प्राणेशरावच म्हणाले होते, "मास्तर कशाला? मी आहे की. आपल्या मराठीत सांगतो."

"मग काय, बरंच झालं अण्णा. मास्तरांचं पुस्तकातलं कानडी माझ्या डोक्यावरून जातं."

त्या दिवशी एकादशी होती. प्राणेशरावांच्या घरी एकादशीला पाणीसुद्धा घेत नाहीत. दहाव्या कलमापर्यंत त्यांची जीभ टाळूला चिकटू लागली. दाराशी बसलेल्या सकवारबाईच्या ते लक्षात आलं.

"स्वल्प पाणी घ्या की अण्णा."

"आज नाही."

"देव पण एवढी कलमं लावत नाही हो, तुमची कंपनी लावते," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून हसली. मालोजीनं तिला डोळ्यांनी दटावलं.

सोळावं कलम संपलं तेव्हा आवाज फुटेना. प्राणेशरावांनी उरलेली पानं एकदम उलटली. "पुढचं नेहमीचंच आहे."

"सरी, चालेल की," मालोजी म्हणाला आणि त्यानं अंगठा पुढे केला.

पुढचं नेहमीचं नव्हतं. इतकी वर्षं दोर कंपनीच्या स्टोअरमधून यायचा आणि मेस्त्री तो बांधायचा. त्या वर्षापासून दोर मेस्त्रीनंच आणायचा, तपासायचा आणि झिजला की बदलायचा, असं सतरावं कलम घातलं होतं. ते टाइप प्राणेशरावांनीच केलं होतं.

अधिकाऱ्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. प्राणेशराव बोलायच्या आत मालोजी उठला.

"वाचलं, साहेब. सगळं वाचलं. उपासाच्या दिवशी घसा फोडून वाचलं अण्णांनी."

"बसा तुम्ही."

तो बसला. अण्णांवर बालंट येऊ नये एवढंच त्याला कळत होतं. त्या कलमात काय आहे, हे अकरा दिवसांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"नाही," प्राणेशराव म्हणाले. "सोळाच वाचली. पुढची दहा मी गाळली."

उमाकांतांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. अधिकारी लिहू लागले.

"काय आहे हो त्यात, अण्णा?" मालोजीनं हळूच विचारलं.

प्राणेशरावांनी सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं.

मालोजी आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "मी स्टोअरमध्ये दोनदा गेलो नवा दोर मागायला. येईल, म्हणाले. मी वाट बघत बसलो." मग तो म्हणाला, "दोर इथंच मिळतो अण्णा, मागच्या गल्लीत. त्याच दिवशी आणला असता."

तो प्राणेशरावांकडे वळला.

"तुम्ही हो म्हणायला हवं होतं. देवानं नेली, असं म्हणून मी गप बसलो असतो."

त्यानं खांद्यावरचा पंचा नीट केला आणि तो दाराकडे निघाला. अधिकाऱ्यांनी जबानीचा कागद प्राणेशरावांपुढे सरकवला. दीड पान होतं, कानडीत. "सही करा, स्वामी. तुम्ही सांगितलंत तेच लिहिलंय."

प्राणेशरावांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"मालोजी, थांबा जरा," ते म्हणाले आणि एकेक ओळ मराठीत करून मोठ्यानं वाचू लागले. स्वतःचं नाव, वय, कामाची वर्षं. तारीख. एकादशी. उमाकांत खुर्ची मागे सारून निघून गेले. प्राणेशरावांचा आवाज मध्येच चिरकला. त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मालोजी परत येऊन बसला नाही. पण शेवटची ओळ होईपर्यंत दारातून हललाही नाही.